काजळ्याचे आणि शेंदऱ्याचे शेजारी

काजळ्या, माझा बेट्टा (फायटर) मासा, काचेजवळ येऊन थांबला. अंग थोडं तिरकं केलं आणि एका डोळ्याने समोरच्या गोगलगाईवर नजर लावून राहिला. मिस्ट्री स्नेल होती ती, पिवळ्याधमक कवचाची, लिंबाएवढी. टाकीत सोडून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. कवचाचं झाकण हळूच सरकलं, आधी मऊ पाय बाहेर आला आणि मग दोन लांब, दोऱ्यासारखी शिंगं पाण्यात लवलवायला लागली. काजळ्याने जरा वाट पाहिली आणि एकच झेप घेतली. डाव्या शिंगाचं टोक गेलं. गोगलगाय आक्रसून आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

काजळ्या रागावला होता असं मला वाटत नाही. रागावलेला बेट्टा कल्ल्यांची झाकणं फुलवतो, सगळे पर ताणतो, अंगाचा रंग गडद करतो. यातलं काही त्याने केलं नव्हतं. त्याला समोर अळी दिसली, एवढंच. बेट्टाचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं ते पाण्यावर पडलेले किडे आणि डासांच्या अळ्या टिपण्यासाठी. पाण्यात वळवळणारं बारीक काहीही त्याच्या लेखी खाऊच. शिंग पुढे हळूहळू पुन्हा वाढलं, पण स्नेल मी दुसऱ्याच दिवशी वेगळ्या टाकीत हलवली. बेट्टासोबत काय ठेवायचं याचा विचार मी त्या दिवसापासून बेट्टाच्या डोळ्याने करायला लागले.

गेल्या चार वर्षांत माझ्याकडे दोन नर बेट्टा झाले. पहिला काजळ्या, निळसर काळा, लांब शेपटीचा. तो अडीच वर्षं होता. त्याच्यानंतर शेंदऱ्या, आखूड शेपटीचा प्लाकाट जातीचा, तो आजही आहे. टाकी तीच: ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद, ३६ सेंमी उंच. वाळू, ओंडका आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण ५० ते ५५ लिटर. स्पंज फिल्टर, हीटर २६ अंशांवर, ओंडक्याला बांधलेल्या अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पती, मागे वॅलिसनेरियाची दाट रांग, कोपऱ्यात जावा मॉसचा गठ्ठा. या एकाच घरात वेगवेगळे शेजारी राहून गेले. त्यातलं कोण टिकलं, कोणाला हलवावं लागलं आणि एका लहानशा प्लॅस्टिकच्या डब्याने किती जीव वाचवले, ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट, कारण सुरुवात तिथूनच झाली. माझा भाचा काजळ्याला बघून म्हणाला होता, "मावशी, याला एकट्याला कंटाळा येत नाही का गं?" मलाही तसंच वाटायचं. आता त्याला मी वेगळं उत्तर देते. बेट्टाला सोबत लागत नाही. थायलंडच्या उथळ, संथ पाण्यात, गवताच्या बुडख्यांत आणि भातखाचरांत राहणारा हा मासा. नर आपला कोपरा धरतो, तिथे फेसाचं घरटं करतो आणि दुसऱ्या नराला तिथून पिटाळतो. त्यात माणसाने पिढ्यान् पिढ्या झुंजीसाठी निवडून निवडून पैदास केली, त्यामुळे दुकानात मिळणारा बेट्टा रानातल्या बेट्टापेक्षा जास्त तापट. याच माशाला थायलंडने २०१९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. सोबती ठेवायचे ते आपल्या आनंदासाठी आणि टाकी जिवंत दिसावी म्हणून. हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते, कारण मग प्रश्न असा उरतो: बेट्टाला त्रास होणार नाही आणि येणाऱ्या जिवालाही नीट जगता येईल, असं कोण आहे?

या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाकडे फार कमी लोक बघतात. "माझ्या बेट्टाने याला काही केलं नाही" म्हणजे जोडी जमली, असं समजतात. जो मासा दिवसभर फिल्टरच्या मागे अंग चोरून बसतो, त्यालाही बेट्टाने काहीच केलेलं नसतं.

भाच्याने त्याच महिन्यात कौतुकाने तीन गप्पी आणले, तिन्ही नर, शेपट्या पंख्यासारख्या. त्या वेळी मला पुरेशी माहिती नव्हती आणि मी ते सोडले. काजळ्या पहिल्या मिनिटापासून फुलला. रंगीत, मोठ्या शेपटीचा, हलत डुलत पोहणारा मासा त्याला दुसरा नर बेट्टाच वाटत होता. मी दिवा बंद केला, म्हटलं रात्रीत शांत होईल. सकाळी तिघांच्याही शेपट्या कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या होत्या आणि एक जण तळाशी कडेवर पडून श्वास घेत होता. तो दुपारी गेला. उरलेले दोघे वेगळ्या टाकीत स्वच्छ पाण्यात महिनाभरात बरे झाले. गप्पींना पाणीही थोडं जड, क्षारांचं मानवतं, म्हणजे रंगाचा प्रश्न नसता तरी ही जोडी मनासारखी जमली नसती. काहींकडे गप्पी आणि बेट्टा एकत्र नांदतात हे खरं आहे. मी मात्र कोणालाही हा सल्ला देणार नाही.

दुसरा वाईट अनुभव शेवाळ खाणाऱ्या माशाचा. काचेवर हिरवं शेवाळ धरलं होतं. विक्रेत्याने बोटभर लांबीचा, तपकिरी, काचेला चिकटणारा मासा दिला आणि "हा अल्जी ईटर, कोणाशीही राहतो" असं सांगितलं. जात विचारण्याचं मला सुचलं नाही. तो चायनीज अल्जी ईटर होता. लहान असताना खरंच शेवाळ खरवडायचा. वाढत गेला तसं शेवाळ सोडून बेट्टाचे दाणे पळवायला लागला, आणि आठ महिन्यांत चांगला तळहाताएवढा झाला. एके रात्री मी टॉर्च मारून बघितलं तर हा काजळ्याच्या कुशीला तोंड लावून चिकटलेला. काजळ्या अनुबियासच्या पानावर झोपायचा, त्याला झटकताही येत नव्हतं. सकाळी त्याच्या अंगावर खवले गेलेला फिकट ठिपका दिसला. हा मासा पूर्ण वाढला की २५ सेंमीच्या घरात जातो आणि मोठेपणी इतर माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडायची सवय त्याला लागते. मोठी टाकी असलेल्या एका ओळखीच्या माणसाने तो नेला. नाव न सांगता नुसतं "शेवाळ खाणारा", "तळ साफ करणारा" म्हणून कोणी मासा देत असेल तर घेऊ नका. पूर्ण नाव आणि पूर्ण वाढीची लांबी विचारा, मगच पिशवी हातात घ्या. साध्या प्लेकोचीही तीच गत. विकत घेताना बोटाएवढा, आणि पुढे एक फूट किंवा त्याहून मोठा.

आता चांगल्या शेजाऱ्यांकडे येते.

सगळ्यात वर माझ्या लेखी कुली लोच. पाचपैकी पाच. तपकिरी आणि पिवळसर पट्ट्यांचे, शेवयांसारखे लांब, फार तर १० सेंमी. मी सहा आणले होते, मग आणखी एक. दिवसा ओंडक्याखाली एकमेकांच्या अंगावर पडून राहतात, रात्री वाळूत तोंड खुपसून खाणं शोधतात. बेट्टा वरच्या थरात, हे तळाशी. त्याचा दिवस सुरू तेव्हा यांची झोप. भांडायला निमित्तच नाही. काजळ्याने पहिल्या दिवशी एकाचा पाठलाग केला, तो वाळूत शिरला, विषय संपला. शेंदऱ्यासारख्या तापट माशानेही त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. अटी मात्र आहेत. वाळू मऊ आणि बारीक हवी, टोकदार खडी असेल तर त्यांची पोटं खरचटतात. एकटा किंवा जोडी आणू नका, ते घाबरून कायमचे दडून बसतात. पाईपवाला फिल्टर असेल तर तोंडाला जाळी बांधा, हे कुठेही घुसतात. टाकीला झाकण हवं. आणि औषध घालायची वेळ आली तर फार जपून, कारण यांचे खवले अगदी बारीक असतात आणि औषध यांना लवकर बाधतं. ज्यांना दिवसभर समोर पोहणारे मासे हवेत त्यांची यांनी निराशा होईल, हेही सांगून ठेवते.

पिग्मी कोरीडोरस (थोडक्यात कोरी) मला फार आवडले. जेमतेम अडीच सेंमीचे, बाजूने एक काळी रेघ. मी आठ आणले होते. बाकीचे बहुतेक कोरी तळाशी राहतात, हे मात्र मधल्या थरात एका जागी तरंगत उभे राहतात, आणि मधूनच सगळे मिळून खाली उतरतात. एक दृश्य माझ्या मनात पक्कं बसलंय: काजळ्या हवा घ्यायला वर गेला, आणि त्याच क्षणी एक पिग्मी सुद्धा बाणासारखा वर गेला, हवेचा घोट घेऊन परत खाली. बेट्टाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला श्वास घेणारा एक अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात त्याला. कोरी आतड्यातून हवा शोषतात. यंत्रणा वेगवेगळ्या, पण दोघांनाही पृष्ठभाग लागतो. तेव्हा वर तरंगणाऱ्या वनस्पतींनी सगळं पाणी झाकून टाकू नका, अर्धी जागा मोकळी ठेवा.

पिग्मींना मी पाचपैकी चार देईन. एक गुण कापला तो तापमानासाठी. त्यांना २२ ते २६ अंश मानवतात, बेट्टाला २५ ते २७. दोघांनाही बरं वाटेल अशी पट्टी अरुंद आहे. त्यांच्यासाठी मी हीटर २५ वर आणून ठेवला होता. शिवाय कोरींच्या परांना कडक काटे असतात, आणि धोका वाटला की ते काटे ताठ होतात. मोठ्या तोंडाच्या माशाने लहान कोरी गिळायचा प्रयत्न केला तर काटा घशात अडकून दोघेही मरू शकतात. माझ्याकडे असं झालं नाही, पण पिग्मी आकाराने पाहता बेट्टाच्या तोंडात मावण्याच्या सीमेवर असतात, म्हणून अगदी पिल्लू वयाचे आणू नयेत.

एंबर टेट्राबद्दल मला सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात मोठा धडा त्यांनीच शिकवला. ब्राझीलच्या अरागुआया नदीच्या खोऱ्यातला हा दोन सेंमीचा मासा, निखाऱ्यासारख्या रंगाचा. शेपूट आखूड, स्वभाव गरीब, पाणी बेट्टाला लागतं तसंच कोमट आणि मऊ. कागदावर याच्याइतका चांगला सोबती नाही. मी दहा आणले. काजळ्याने तीन दिवस त्यांचा माग काढला. पण लांब शेपटीचं ओझं घेऊन त्याला वेगात पोहता यायचं नाही, आणि टेट्रांचा थवा फुटून पुन्हा जुळायचा. चौथ्या दिवशी त्याने नाद सोडला. पुढे दोन वर्षं तो त्यांच्या मधून असा जायचा, जशी गर्दीतून वाट काढत एखादी म्हातारी व्यक्ती जाते. तेही दोन बोटं बाजूला सरायचे, बस.

मग काजळ्या गेला आणि शेंदऱ्या आला. टाकी तीच, टेट्रा तेच, झाडं तीच. मी अगदी निर्धास्त होते. प्लाकाटची शेपूट आखूड असते, अंग भरलेलं असतं, आणि तो खरंच वेगाने पोहतो, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. शेंदऱ्याने पहिल्या तासात दहाही टेट्रांना डाव्या मागच्या कोपऱ्यात कोंडलं. कोणी बाहेर आला की हा हजर. थवा हा शब्द लागू पडेना, नुसता एकमेकांना चिकटलेला गोळा झाला होता. त्यांचा निखाऱ्याचा रंग उडून ते पारदर्शक, पांढुरके दिसायला लागले. माशाचा रंग उडणं, पर अंगाला चिकटवून पोहणं, खाणं टाकलं तरी पुढे न येणं ही भीतीची खूण. चावा बसलेला नसला तरी हा त्रासच असतो, आणि त्यातूनच पुढे आजार येतात.

म्हणजे टेट्रा चांगले की वाईट? काजळ्यासोबत पाचपैकी पाच, शेंदऱ्यासोबत शून्य. सोबत्यांच्या याद्या वाचून ठेवाव्यात, पण शेवटचा निकाल तुमच्या घरचा बेट्टा देतो. त्याचा स्वभाव आधी महिनाभर बघा. बोट काचेला लावलं तर फुलतो का, फुलला तर किती वेळात निवतो, आरशाचा तुकडा अर्धा मिनिट दाखवला तर काय करतो. काजळ्या आरसा काढला की मिनिटभरात घरट्याकडे वळायचा. शेंदऱ्या पाव तास काचेशी येरझाऱ्या घालायचा. ही परीक्षा मी शेंदऱ्याला टेट्रांसोबत सोडण्याआधी घेतली असती तर त्यांचा तो त्रास वाचला असता.

आता तो डबा. माशांची पिल्लं वेगळी ठेवायला मिळतो तो पारदर्शक ब्रीडिंग बॉक्स, टाकीच्या आतल्या बाजूला काचेवर लावायचा, कडेने चिरा असलेला, म्हणजे पाणी तेच राहतं आणि तापमानही तेच. बेट्टासोबत कोणीही ठेवायचं असेल तर माझ्या मते सोबत्याआधी हा डबा आणावा. मी तो असा वापरते: नवा जीव यायच्या दिवशी आधी बेट्टाला डब्यात घ्यायचं. मग ओंडका हलवायचा, दोन झाडांची जागा बदलायची. बेट्टाने आखलेल्या हद्दी यामुळे मोडतात. नव्या सोबत्यांना टाकीत सोडून दोन-तीन तास मोकळं फिरू द्यायचं, दडण्याच्या जागा शोधू द्यायच्या. बेट्टा आतून सगळं बघत असतो. सुरुवातीला फुलतो, काचेवर धडका देतो, मग बहुतेक वेळा थंड होतो. त्यानंतर त्याला सोडायचं, आणि तेही सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. रात्री दिवा घालवून सोडणं ही गप्पींच्या वेळी मी केलेली चूक आहे.

सोडल्यावर काय चालेल आणि काय नाही, तेही सांगते. फुलणं चालेल. हातभर अंतर पाठलाग करून परत फिरणं चालेल. एकाच माशाच्या मागे पुन्हा पुन्हा लागणं, तो दडल्यावरही वाट अडवून बसणं, पराला चावणं, यातलं काहीही दिसलं की बेट्टा परत डब्यात. मी तीनदा प्रयत्न करते, प्रत्येक वेळी एक-दोन दिवसांच्या अंतराने. तिसऱ्यांदाही तेच झालं तर सोबती वेगळ्या टाकीत जातात. त्यासाठी रिकामी, फिल्टर चालू असलेली लहान टाकी तयार हवी. ती नसेल तर सोबती आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

डब्याच्या उणिवाही आहेत. माझ्या डब्याचे रबरी चोषक वर्षभरात कडक झाले आणि एकदा डबा तिरका होऊन बेट्टा आपणहून बाहेर पडला. आता मी चोषक दर सहा महिन्यांनी बदलते. आत पाणी फार खेळत नाही, त्यामुळे उरलेलं खाणं तसंच राहून कुजतं. ते ड्रॉपरने काढावं लागतं. बेट्टा उडी मारतो, म्हणून वरचं झाकण कधीही उघडं ठेवायचं नाही. आणि ही काही राहायची जागा नाही. काही तास, फार तर एक-दोन दिवस.

कोळंबीच्या जातीतल्या लहान श्रिंपबद्दल मन कठोर करून लिहावं लागेल. चेरी श्रिंप दिसायला सुंदर, शेवाळ आणि उरलंसुरलं खाणारे, पाणी फारसं न घाण करणारे. काजळ्याने मोठ्या श्रिंपना सोडलं, पण त्यांची पिल्लं जन्मली की हळूहळू नाहीशी व्हायची. जावा मॉसमध्ये दडलेली काही वाचायची, तेवढ्यावर वसाहत कशीबशी टिकून होती. श्रिंप वाढताना जुनं कवच टाकतात आणि नवं कवच घट्ट होईपर्यंत एक-दोन दिवस अंग मऊ असतं. त्या काळात ते दडतात, आणि दडायला जागा नसेल तर बेट्टाला आयतंच सापडतात. शेंदऱ्याने तर मोठ्यांनाही सोडलं नाही. मी सहा सोडले होते. आठवड्यात दोन उरले ते काढून घेतले. बेट्टासोबत श्रिंप ठेवताना ते त्याच्या पोटात जाऊ शकतात हे ज्याला सहन होणार नाही त्याने ठेवू नयेत. मला सहन झालं नाही. अमानो श्रिंप आकाराने मोठे, चार-पाच सेंमीचे, ते जास्त टिकतात. त्यांची पिल्लं गोड्या पाण्यात वाढत नाहीत, म्हणजे तिथे तो दुःखाचा प्रश्नही उरत नाही.

गोगलगाईंत नेराइट. शिंगं बारीक, धोका वाटला की कवच काचेला घट्ट दाबून बसते, बेट्टाला पकडायला काही मिळत नाही. काच जी स्वच्छ करते ती मला हाताने जमत नाही. तिची पांढरी, तिळासारखी अंडी ओंडक्यावर चिकटून राहतात आणि निघता निघत नाहीत, ही एकच तक्रार. ती गोड्या पाण्यात फुटत नाहीत, त्यामुळे गोगलगाईंचा सुळसुळाट होत नाही. ५५ लिटरला दोन पुरे. जास्त झाल्या तर शेवाळ संपतं आणि त्या उपाशी मरतात. कधी काचेवरून चढून बाहेर पडतात, सकाळी टाकीखाली बघायची सवय ठेवा.

काही जण मी कधीच ठेवले नाहीत आणि ठेवणारही नाही. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा, कारण ते पर कुरतडतात आणि लांब शेपटीचा संथ बेट्टा त्यांच्यासाठी चालतं बोलतं आमंत्रण. गौरामी, कारण ते बेट्टाचेच भाऊबंद, तशीच हद्द धरणारे. गोल्डफिश, कारण त्यांना थंड पाणी लागतं, ते प्रचंड वाढतात आणि पाणी फार घाण करतात. एंजेलफिश मोठे होतात आणि त्यांचा स्वभावही हद्द धरणारा. पाच-सहा बेट्टा माद्या एकत्र ठेवायची पद्धतही आहे. महिनोन् महिने सगळं सुरळीत चालून एका रात्रीत रक्तबंबाळ झालेली टाकी मी एकीच्या घरी पाहिली आहे. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पाण्याबद्दल थोडक्यात. प्रत्येक सोबती म्हणजे जास्त घाण. या घाणीतून पाण्यात तयार होणारे अमोनिया आणि नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत वीस भाग) आसपास राहील इतकेच जीव ठेवा. आठवड्याला पाव पाणी बदला. एकट्या बेट्टाला २० लिटर चालतील, सोबती हवे असतील तर ४० लिटरच्या खाली जाऊ नका, आणि उंचीपेक्षा लांबी बघून टाकी घ्या. पळणाऱ्याला पळायला आडवी जागा लागते.

नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडू नका, हे मात्र मी कितीही वेळा सांगेन. टेट्रांची दुसरी खेप मी घाईने, आठवडाभरच वेगळी ठेवून सोडली. दहाव्या दिवशी काजळ्याच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉट, माशांचा संसर्गजन्य आजार. काजळ्या वाचला, पण दोन पिग्मी गेले. आणि औषधात तांबं असेल तर ते गोगलगाई आणि श्रिंपना मारतं, त्यामुळे त्या सगळ्यांना आधी बाहेर काढावं लागलं. आता चार आठवडे वेगळं ठेवल्याशिवाय माझ्याकडे कोणीही आत जात नाही.

सध्या शेंदऱ्याच्या टाकीत दोन नेराइट आणि कुली आहेत. टेट्रा आणि पिग्मी शेजारच्या टाकीत, आणि टेट्रांचा रंग पुन्हा भरून आला आहे. गेल्या दोन महिन्यांत मी कुली मोजले की सहाच भरायचे. एक गेला असं धरून मी हळहळले होते. परवा पाणी बदलताना ओंडका उचलला, तर त्याच्या पोटातल्या पोकळीतून एकामागून एक निघाले. सात. शेंदऱ्या वर अनुबियासच्या पानावर आडवा झाला होता, त्याने मानही वळवली नाही.